सत्तर टक्के म्हणजे नक्की किती?

अगं,

तुझा मेसेज वाचला, पीएचडीच्या थिसिसचं सत्तर टक्के काम झालंय, डिसेंबरात सबमिट करते म्हणून. रागावू नकोस, पण सत्तर टक्के कशाचे ते सांग ना. फिल्डवर्क झालं, चाळीस मुलाखती रेकॉर्ड झाल्या, छानच, पण रेकॉर्डिंग म्हणजे चॅप्टर नव्हे. तासाभराची मुलाखत टाइप करायला चार ते सहा तास सहज जातात, आणि बोलीतली असेल, मागे भांडी आपटतायत, मधेच सासूबाई बोलतायत, तर विचारूच नको. पाच धर. चाळीस पंचे दोनशे तास. तू तासिका तत्त्वावर शिकवतेस, पेपर तपासतेस, दिवसाचे खरे दोन तास मिळत असतील तर हेच झाले १०० दिवस, आणि कोडिंगला, म्हणजे मुलाखतीतले मुद्दे शोधून त्यांना लेबलं लावायला, अजून हातही लावलेला नाही.

म्हणून टक्के सोड. एकच मुलाखत घे, ती टाइप कर, कोडिंग कर, त्यातून चॅप्टरमध्ये जाईल असा मजकूर लिहून काढ आणि किती तास गेले ते वहीत टिपून ठेव. तीनचार मुलाखतींचं असं केलंस की तुझा स्वतःचा स्पीड कळेल, फक्त पहिलीचा आकडा धरू नको, ती नेहमी जास्त वेळ खाते. मग गुणाकार कर. आकडा बघून घाम फुटला तर सगळ्या शब्दशः टाइप करायला हव्यात का ते गाइडना आत्ताच विचार, काहींच्या नुसत्या नोट्स चालत असतील तर तसं मेथडॉलॉजीत स्पष्ट लिहावं लागेल.

आणि गाइडच्या टेबलावर चॅप्टर पडून राहतो ते दिवस कुणीच हिशोबात धरत नाही! तू धर, आणि तेवढ्यात पुढचं लिहायला घे. शेवटी प्री-सबमिशन प्रेझेंटेशन, प्लेजिअरिझम रिपोर्ट, सह्या, फी, हेही आहेच.

डिसेंबर हुकला तर आभाळ कोसळत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात ६ वर्षं आहेत, री-रजिस्ट्रेशन करून आणखी २, आणि बायकांना त्यावर अजून २ मिळू शकतात. जेआरएफ फेलोशिपवाल्यांचं वेगळं, त्यांचे पैसे ५ वर्षांनी बंद होतात.

पुढच्या आरएसीत, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, टक्के सांगू नकोस, किती मुलाखती पूर्ण झाल्या, किती उरल्या आणि एकीला किती तास लागतात एवढीच स्लाइड दाखव. त्याआधी मला पाठव, रविवारी बघते.

ताई