आज्जीच्या गच्चीवरची डाळिंबाची सालं

प्रिय सोनू,

काल फोनवर तू विचारलंस, "आज्जी डाळिंबाची सालं गच्चीवर वाळत घालते. साल म्हणजे कचराच ना? ती औषध कशी?" असं घाईत सांगून भागणार नव्हतं, म्हणून लिहितेय.

सालीचा एक तुकडा मिठाच्या पाण्यात घासून धू (फळावर फवारणी असते) आणि आतल्या पिवळ्या बाजूला जीभ लाव. जीभ आखडेल, तोंड कोरडं पडेल. ही तुरट चव. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशा सहा चवी आयुर्वेद मानतो आणि प्रत्येकीचं शरीरातलं काम सांगतो. तुरट चव आवळून धरते, सुकवते. म्हणून जुलाब लागले की आज्जी साल उकळून ते पाणी पाजते. या तुरटपणामागे सालीतलं टॅनिन नावाचं द्रव्य असतं. ही साल कातडी कमवायलाही वापरतात.

पण आजोबांना तिनं तो काढा कधी दिलेला पाहिलास? नाही देणार. त्यांचं पोट मुळातच साफ होत नाही, त्यांना ती भिजवलेल्या मनुका देते. मला आयुर्वेदातलं सगळ्यात जास्त पटतं ते हेच. चरकसंहिता म्हणते, औषध नाही असं एकही द्रव्य जगात नाही. मात्र ते कशासाठी आणि कोणत्या युक्तीनं द्यायचं हे कळायला हवं. नीट योजलेलं जहाल विषही औषध होतं आणि चुकीचं दिलेलं औषध विष होतं, हेही तिथंच सांगितलंय. म्हणून "झाडपाल्याचंच तर आहे, काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नकोस. डाळिंबाच्याच मुळाच्या सालीनं पूर्वी पोटातले जंत पाडायचे, पण प्रमाण चुकलं की चक्कर आणि उलट्या!

सोलापूरची कोरडी हवा डाळिंबाला मानवते. सोलापूरजवळच्या केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. मामाला म्हणावं, त्या बाजूला गेलास तर मला दाखव.

आणि तुझं पोट बिघडलं, तर आधी मीठ-साखरेचं पाणी. ताप आला किंवा रक्त दिसलं तर काढ्यावर थांबायचं नाही, सरळ डॉक्टरकडे. आज्जीही हेच सांगेल.

सालं मोडताना टक्क आवाज आला तरच बरणीत भरायची, नाहीतर बुरशी धरते. यंदा एवढं काम तू कर, आज्जीचे गुडघे दुखतात.

तुझी,
आई