सासरे दारात आले की पिल्लाची शू: आधी लघवी तपासा, मग दारातला कार्यक्रम बदला

ताई, तुमचं दुखणं ओळखीचं आहे. पाच महिन्यांची लॅब्रॅडॉर कुत्री, दिवसभर गच्चीवर शहाण्यासारखी जाते, आणि संध्याकाळी सासरे दारातून आत आले की दबून जागच्या जागी शू. रागावलं की अजून जास्त. डॉक्टरांनी 'इन्फेक्शन असेल' म्हणून गोळ्या दिल्यात, पाच दिवस झाले, फरक काही नाही. बाहेर नेणं, वेळा ठरवणं तुम्ही करताच, ते सोडतो. मी डॉक्टर नाही, कुत्री पाळणारा माणूस आहे, तेवढं धरून वाचा.

गोळ्यांपासून सुरू करतो, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच झालं. इथल्याच, इंदूरमधल्या एका दवाखान्यात लघवी न तपासता अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग त्याहून भारी दुसरा. पिल्लाला जुलाब लागले, शू होती तिथेच राहिली. तपासणीचं विचारलं तर उत्तर मिळालं, "लक्षणं दिसतायत ना." लक्षणं नीट पाहिली असती तर हे घडलंच नसतं. इन्फेक्शनला दारात कोण उभं आहे ते कळत नाही. ते असलं की पिल्लू दिवसभर थोडं थोडं करत राहतं, बसतं पण दोन थेंबच येतात, जोर लावतं, मागची जागा सारखी चाटतं, कधी लघवीत लालसर छटा दिसते. जी दिवसभर कोरडी आणि एकाच माणसाच्या पायाशी ओली, तिथं संशय आधी दारावर घ्यायचा. तपासणी तरीही करायचीच, पण गोळीच्या आधी. अँटिबायोटिक पोटात गेलं की कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू न उगवता रिपोर्ट खोटा 'साफ' येऊ शकतो. म्हणजे गोळ्याही फुकट आणि पुढचा शहाणा डॉक्टरही आंधळा.

तुमचा कोर्स चालू आहे तर तो मनानं बंद करू नका. फोन करून सरळ विचारा, कशावरून दिल्या, तपासणी कधी करायची. नमुना असा घ्या: सकाळची पहिली लघवी, ती खाली बसली की मागून लांब दांड्याची पळी हळूच सरकवायची. पळी आधी साध्या गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवलेली हवी, साबणाचा अंशही नको. लगेच मेडिकलमधून आणलेल्या निर्जंतुक डबीत ओता आणि तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी द्या. यावर रूटीन तपासणी होते. कल्चरसाठी असा धरलेला नमुना भरवशाचा नाही, डॉक्टर सुईनं थेट मूत्राशयातून काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण सहसा मिनिटाभराचं काम असतं. शहरात कोणी दाद देत नसेल तर महूचं व्हेटरनरी कॉलेज काही लांब नाही.

दोन गोष्टी मात्र अंगावर काढू नका. मादी पिल्लू झोपेतही ओलं, मागचे केस कायम भिजलेले, अगदी लहानपणापासून असं असेल तर मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून लघवी आणणारी नळी) चुकीच्या जागी जोडलेली असण्याची शक्यता बघावी लागते. लॅब्रॅडॉरमध्ये हा जन्मजात दोष आढळतो. दुसरी गोष्ट पाणी. सकाळी लिटरची बाटली मोजून ओता, रात्री उरलेलं मोजा, दोन-तीन दिवस लिहा. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर जात असेल, म्हणजे 14 किलोच्या पिल्लाला 1.4 लिटरच्या पुढे, तर तो आकडा डॉक्टरांना दाखवा. शू होते म्हणून पाणी मात्र तोडू नका. मे महिन्यातल्या इंदूरमध्ये तर अजिबात नाही.

आता दार. आनंदानं सुटणारी शू आणि घाबरून नमतं घेताना होणारी शू हे वेगळे प्रकार आहेत. आनंदाच्या शूमध्ये पिल्लू उड्या मारतं, शेपूट पंख्यासारखी फिरते, शू चालता चालता शिंपडली जाते. लघवी धरणारे स्नायू अजून कच्चे असतात, बहुतेक पिल्लं वर्षाच्या आसपास त्यातून बाहेर येतात. दुसऱ्या प्रकारात कान मागे चिकटतात, अंग जमिनीला टेकतं, नजर चुकवते, शेपटी पायांत, कधी सरळ पाठीवर लोळून पोट दाखवते. हे लोटांगण आहे. 'मी लहान, माझ्यावर रागावू नका' असं सांगायची तिच्याकडे हीच भाषा आहे. तुमच्या वर्णनात ती दारात दबते, म्हणजे हा दुसरा प्रकार. लोटांगण घालणाऱ्यावर ओरडलं तर तो अजून खाली वाकणार, म्हणून रागावलं की शू वाढते. नाक घासणं, मान धरून आडवं पाडणं आणि 'मालक कोण ते दाखवा' सांगणारे ट्रेनर, तिन्ही एका माळेचे मणी.

ओरडू नका हे सगळेच सांगतात. न सांगितलेली चूक पोछ्याची असते. शू झाली की घरातलं कोणीतरी 'अगं अगं' करत पोछा घेऊन धावतं. पिल्लाच्या दृष्टीनं समोरून माणूस वाकून, हातात काठी घेऊन येतोय. आवाज चढवला नाही तरी शिक्षा झालीच. तिला आधी दुसऱ्या खोलीत न्या, मग पुसा.

सासऱ्यांना एवढंच सांगा: आत येताना नजर भिंतीकडे, तोंड बंद, दोन पावलं बाजूनं. खिशातले पाच-सहा दाणे, तिचं रोजचंच खाणं, तिच्या मागच्या बाजूला जमिनीवर टाकायचे. वास घेत फिरणारं पिल्लू एकाच वेळी लोटांगण घालू शकत नाही, म्हणून हे चालतं. दाणे संपून ती स्वतः आली तरच कमी उंचीच्या पाटावर, तिच्याकडे तिरकं तोंड करून बसायचं. वरून डोक्यावर हात नाही. बोटांच्या मागच्या बाजूनं छातीला दोन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. परत आली तर परत. पहिले आठ दिवस हे तिला भीती न वाटणाऱ्या माणसाबरोबर दिवसातून पाच-सहा वेळा करून घ्या, सासरे शेवटी. एखाद्या टप्प्यावर शू झाली तर अंतर वाढवा, माणूस दारातच थांबू दे. तिला त्या वेळी 'बस' सांगू नका, हुकूम हाही दबावच आहे. आनंदाचा प्रकार असता तर कार्यक्रम सोपा होता: सासरे यायच्या दहा मिनिटं आधी शू करवून आणायची आणि भेट गेटबाहेरच उरकायची.

सासरे म्हणतील 'लाड चाललेत'. म्हणू द्या. घरातल्या मोठ्यांना शिकवणं पिल्लापेक्षा अवघड आहे, आणि या विषयावर मी जास्त बोललो तर संध्याकाळ होईल. मुख्य म्हणजे रोज सगळ्यांनी एकसारखं करायचं. दिवाळीत आणि रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या दिवशी गेलेली शू परत आली तर धसका घेऊ नका, तेवढे दिवस आतल्या खोलीत ठेवा.

फरशीचं. शूचा वास राहिला की ती पुन्हा तिथंच बसणार. कागदानं दाबून शोषा, घासू नका, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं ओलंच राहू द्या. त्याच्या आधी फिनाईल फिरवलं तर एन्झाइम काम करत नाही. काळं फिनाईल तर पिल्लाच्या घरात नकोच, पाय चाटून पोटात जातं. ब्लीचिंग लघवीवर टाकलं की डोळे झोंबणारा वायू सुटतो. व्हिनेगरचा नुस्खा टाइल्सवर ठीक आहे, पण आपल्याकडे बऱ्याच घरांत कोटा किंवा मार्बल आहे, आणि आम्लानं दोन्हीवर डाग पडून चकाकी जाते. पिल्लाचे शू शोषणारे पॅड वापरत असाल तर सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत ते डायपरच्या वेगळ्या डब्यात टाका, ओल्या कचऱ्यात दिसले तर गाडीवाला परत करतो.

नसबंदीची घाई असेल तर हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घालून मगच तारीख ठरवा. मोठ्या जातीच्या मादीला नंतर झोपेत गळण्याचा त्रास होऊ शकतो, तो वेगळा, त्यावर औषध मिळतं. आजच्या आज दारातली वही सुरू करा: वेळ, कोण आलं, उभं होतं की बसलेलं, कान कुठे होते, शू किती. आठ दिवसांनी ते पान इथे टाकलंत तर पुढचं बघता येईल.