त्वचारोग विभागात रुजू होताना

प्रिय डॉक्टर,

पुढच्या आठवड्यात तू निवासी डॉक्टर म्हणून रुजू होते आहेस. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. माझं उत्तर एकच आहे: ज्या आजारांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते, ते आधी नीट समजून घे. हे रुग्ण वर्षानुवर्षं तुझ्याकडे येत राहतील. त्यांचं निदान बरोबर आलं म्हणजे काम झालं, असं होत नाही. घाव नेमका कुठे बसतोय हे कळलं, तरच औषध कधी वाढवायचं आणि कधी आवरायचं हे ठरवता येतं.

पहिल्यांदा पेम्फिगस व्हल्गॅरिस हा फोडांचा आजार घे. बाह्यत्वचेतल्या, म्हणजे त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी डेस्मोग्लिन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात, विटांमध्ये सिमेंट असावं तशा. या आजारात शरीर त्याच प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. पेशींची पकड सुटते, फटीत पाणी साठतं आणि फोड येतो. वरचं आवरण पातळ असल्यामुळे हा फोड लुळा असतो आणि लगेच फुटतो. तुझ्यासमोर बहुतेक वेळा फोड नसतोच, उघडी जखम असते. बुलस पेम्फिगॉइड या फोडांच्या दुसऱ्या आजारात घाव आणखी खाली, बाह्यत्वचा आणि तिच्याखालचा थर यांच्या सांध्यावर बसतो. तिथे फोडावर अख्खी बाह्यत्वचा असते, म्हणून तो टणक, ताणलेला दिसतो. रुग्ण बहुधा वयस्कर असतो आणि खाजेने हैराण झालेला असतो. फोडाला हात लावून बघितलंस, तर रिपोर्ट यायच्या आधीच तुला निम्मं उत्तर मिळतं.

आणि तोंड बघ. निम्म्याहून अधिक रुग्णांत पेम्फिगस तोंडातून सुरू होतो. 'तोंड आलंय' म्हणून महिनोन्महिने जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाल्लेले लोक तुला भेटतील. बॅटरी घे, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू बघ, गिळताना दुखतं का, ते विचार. अंगावर एकही फोड नसेल तरीही हे कर.

बायोप्सी घेताना दोन तुकडे घे. एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात. दुसरा फोडालगतच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा, इम्युनोफ्लोरेसन्ससाठी, म्हणजे त्वचेत चिकटलेल्या अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, आणि तो चुकूनही फॉर्मॅलिनमध्ये जाता कामा नये. फॉर्मॅलिनमध्ये गेला की ती तपासणी वाया जाते आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. बाटलीवरचं लेबल तू स्वतः वाच, दुसऱ्यावर सोडू नकोस. नमुना नीट पोहोचला तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडेकडेने जाळ्यासारखी हिरवी चमक दिसते. ती एकदा पाहिलीस की आजार कुठे चाललाय, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

स्टेरॉइड येण्यापूर्वी, म्हणजे 1950च्या दशकाआधी, पेम्फिगस झालेली बहुतेक माणसं काही वर्षांत दगावत. आज ती जगतात. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी रिटुक्सिमॅबला मंजुरी दिली. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात, त्या बी-पेशींनाच ते औषध गाठतं. पण आता या रुग्णांना सगळ्यात मोठा धोका असतो तो जंतुसंसर्गाचा, आणि त्यात आपल्या औषधांचाही वाटा असतो. म्हणून रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. दबून बसलेला विषाणू उठला तर यकृत निकामी होऊ शकतं. ताप आलेल्या पेम्फिगसच्या रुग्णाला 'उद्या या' असं कधीही सांगू नकोस.

सोरायसिसची गोष्ट मला फार आवडते. पूर्वी तो त्वचेच्या पेशी बेसुमार वाढण्याचा आजार मानला जाई. 1979 मध्ये सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या रुग्णांच्या खपल्या नाहीशा होताना दिसल्या. टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पेशींना आवरणाऱ्या औषधाने त्वचा सुधारते, तर मूळ तिकडेच असणार! आजची इंटरल्यूकिन-17 आणि 23 हे प्रतिकारशक्तीचे दाह वाढवणारे निरोप रोखणारी इंजेक्शनं त्याच वाटेने पुढे आली. या रुग्णाला पोटात स्टेरॉइड देण्याचा मोह आवर. आठवड्यात त्वचा छान दिसते, पण बंद केल्यावर अंगभर लाली किंवा पुवाचे फोड उसळू शकतात. सकाळी सांधे आखडतात का, हे विचार आणि नखं बघ. सांधा एकदा वाकडा झाला की आपल्याकडे त्यावर औषध नाही.

कोड आणि चाई यांबद्दल थोडक्यात. 2022 मध्ये अमेरिकेत कोडासाठी रुक्सोलिटिनिब मलमाला आणि तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिबच्या गोळ्यांना मंजुरी मिळाली. गोळ्या थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात, हे सुरू करण्याआधीच सांग. कोडात रंग बहुतेक केसांच्या मुळांतून परततो. म्हणून डागातले केस पांढरे झाले असतील किंवा डाग बोटांच्या टोकांवर, ओठांवर असेल, तर मोठी आशा दाखवू नकोस. आजार स्पर्शाने पसरत नाही, हे मात्र घरच्यांना समोर बसवून, रुग्णाच्या देखत सांग. त्या एका वाक्याची गरज त्याला मलमाइतकीच असते.

शेवटी मेथोट्रेक्सेट, प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध. सोरायसिसमध्ये ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. तीच गोळी कोणी रोज घेतली, तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलवटतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवर वार अक्षरांत लिही, 'फक्त बुधवारी' असं. फॉलिक अॅसिडची गोळी वेगळ्या वारी दे. मग रुग्णालाच विचार, कोणती गोळी कधी घेणार? तो अडखळला तर रांग कितीही लांब असो, पुन्हा समजावून सांग.

पहिल्या महिन्यात एखादी केस अडली तर फोन कर. रात्री केलास तरी चालेल.

तुझी,
मॅडम