फुटबॉल कोच जमेल बेलमादी अल्जीरियात इतका लोकप्रिय का होता?

खेळाडू म्हणून विचाराल तर बेलमादी चांगला होता, थोर नव्हता. (पुष्कळांची इथे लखदर बेलूमीशी गल्लत होते. १९८२च्या वर्ल्ड कपमध्ये पश्चिम जर्मनीला हरवणारा गोल बेलूमीचा.) बेलमादी पॅरिसजवळच्या शांपिन्यीत वाढला. मार्सेय, मँचेस्टर सिटी, साउथहॅम्प्टन, मध्ये कतार, अशी भटकंती झाली. ऑक्टोबर २००१मध्ये अल्जीरियाकडून फ्रान्सविरुद्ध त्याने फ्री किकवर गोल मारला, पण तो सामना लक्षात राहिला तो प्रेक्षक मैदानात घुसल्याने अर्धवट थांबवावा लागला म्हणून.

त्याचं खरं नाव झालं ते कोच म्हणून. कतारमध्ये लेखविया क्लबला लीग जिंकून दिली, २०१४चा गल्फ कप कतारला मिळवून दिला आणि ऑगस्ट २०१८मध्ये तो अल्जीरियाचा कोच झाला. तेव्हा तो संघ पार विस्कटलेला होता.

वर्षभरात आफ्रिका कपची फायनल! १९ जुलै २०१९, कैरो. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले, मी आवाज बंद ठेवून बघत होतो. दुसऱ्याच मिनिटाला अल्जीरियाच्या बुनेजाहने लांबून फटका मारला, चेंडू सेनेगलच्या सालिफ सानेच्या पायाला लागून उंच उडाला आणि गोलकीपरच्या डोक्यावरून आत. गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही. पुढे सगळा वेळ अल्जीरियाने नुसता किल्ला लढवला. खेळ म्हणून सामना रटाळच, पण १९९०नंतरचं पहिलं विजेतेपद! गंमत म्हणजे सेनेगलचा कोच अलियू सिसेही त्याच शांपिन्यीत वाढलेला, वयाने एका दिवसाने मोठा.

आता लोकप्रियतेचं. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून अल्जीरियात दर शुक्रवारी लाखो लोक रस्त्यावर उतरत होते, एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिकांना पायउतार व्हावं लागलं. फायनलचा दिवसही शुक्रवारच. अशा वेळी कप आला, आणि लोक बेलमादीला 'आनंदमंत्री' म्हणू लागले. खऱ्या मंत्र्यांवर कोणाचा विश्वास उरला नव्हता, त्यामुळे ही पदवी जरा झोंबणारीही होती. शिवाय तो पत्रकारांवर उखडायचा, ते लोकांना आवडायचं. जिंकत होता तोवर.

सलग ३५ सामने संघ हरला नाही. मग जानेवारी २०२२मध्ये इक्वेटोरियल गिनीने हरवलं, आफ्रिका कपमधून गट फेरीतच बाहेर. मार्चमध्ये वर्ल्ड कपच्या प्लेऑफसाठी अल्जीरियातल्याच ब्लिदात कॅमेरूनशी गाठ होती. ११८व्या मिनिटाला तुबाने गोल केला, स्टेडियम वेडं झालं, आणि १२४व्या मिनिटाला कॅमेरूनच्या एकांबीने तिकीट हिरावून नेलं. लोकांनी राग काढला तो रेफरीवर.

माझ्या मते बेलमादीने त्याच रात्री पद सोडायला हवं होतं. तो राहिला. जानेवारी २०२४मध्ये मॉरिटानियाकडून हरून संघ पुन्हा गटातच गारद झाला, मग तोही गेला. त्याच्या जागी आलेल्या पेत्कोविचने २०२६च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. २०१९च्या विजेत्या संघाचा कर्णधार महरेझ तेव्हाही संघात होताच.