खरखर नेमकी कुठून येते? गिटारच्या सेटअपविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझ्या स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार पहिल्या चार-पाच फ्रेटांवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरत असे. मित्राच्या सांगण्यावरून मी ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) अर्धा फेरा सैल केला. खरखर थांबली, पण आता तार मधल्या फ्रेटांवर फार उंच वाटते. माझे काय चुकले?

उत्तर: रॉड सैल केला यात चूक असेलच असे नाही, मोजमाप न घेता तो फिरवला, ही मात्र चूक आहे. लाइट गेजच्या, म्हणजे कमी जाडीच्या सहा तारा मिळून मानेवर सुमारे ७० ते ७५ किलो वजनाइतका ताण देतात आणि तिला पुढे वाकवतात. रॉडचे काम या वाकण्याला आवर घालण्याचे आहे. तारांची उंची ठरवण्याचे नव्हे. उंची बदलते ती ओघाने, आणि म्हणूनच पुष्कळजण फसतात.

गिटार नेहमीच्या सुरांत लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मान जिथे पेटीला मिळते तिथल्या फ्रेटवर सहावी तार दाबून धरा आणि सातव्या फ्रेटचा माथा व तार यांतली फट पाहा. फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज नसेल तर इलेक्ट्रिक गिटारच्या दहा गेजच्या पहिल्या तारेचा तुकडा वापरा. त्याची जाडी ०.२५ मिलिमीटर असते. तो फटीतून सहावी तार न हलवता जेमतेम सरकला, तर मानेचा बाक योग्य आहे. ऐसपैस सरकला, तर रॉड जास्त सैल झाला आहे. तो एका वेळी पाव फेऱ्याहून कमी आवळा, पुन्हा सूर लावा आणि निदान काही तास थांबा, कारण लाकूड लगेच जागेवर बसत नाही. रॉड फिरवायची चावी जड लागू लागली की तिथेच हात थांबवा. माझ्या टेबलावर येणाऱ्या गिटारींपैकी कित्येकींचे मूळ दुखणे किरकोळ असते आणि मोठे दुखणे असते ते जोर लावून गुळगुळीत केलेल्या रॉडच्या खाचेचे.

बाक योग्य असूनही एकाच जागी खरखर येत असेल, तर रॉडला हात लावू नका. पुढचा एखादा फ्रेट उचललेला असणार. लगतच्या तीन फ्रेटांवर टेकेल एवढी सरळ धातूची पट्टी ठेवून पाहा. ती डुगडुगली, तर मधला फ्रेट उंच आहे. तो ठोकून बसवणे किंवा घासून समतल करणे हे काम कारागिराचे. तंबोऱ्याला जी जवारी आपण मुद्दाम काढतो, तीच गिटारमध्ये दोष ठरते, हे जाता जाता.

प्रश्न: बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची ३.२ मिलिमीटर आहे. ती २.४ वर आणायची असेल, तर सॅडल (पेटीवरच्या ब्रिजमध्ये बसवलेली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) किती घासावे?

उत्तर: ०.८ नव्हे, १.६ मिलिमीटर. बारावा फ्रेट नट (मानेच्या खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडल यांच्या मध्यावर असतो, त्यामुळे सॅडल जेवढे उतरते त्याच्या निम्माच फरक तिथे दिसतो. मात्र आधी मानेचा बाक तपासा आणि मग नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर तिला बोटाने हलकेच टिचकी द्या. ‘टिक्’ असा बारीक आवाज यावा आणि फट केसाएवढीच दिसावी. फट मोठी असेल, तर आपला त्रास बराचसा नटच्या खाचेत आहे आणि सॅडल घासून तो जाणार नाही.

सॅडल माथ्याकडून नव्हे, तळाकडून घासावे. पेन्सिलने रेघ आखून काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर ते उभे धरा आणि एकाच दिशेने ओढा. तळ तिरका झाला, तर खाली पिएझो पिकअप (तारांची कंपने टिपून अँप्लिफायरकडे पाठवणारी पट्टी) असलेल्या गिटारमध्ये एखादी तार मोठ्याने आणि शेजारची दबलेली वाजते. ब्रिजच्या वर सॅडल मुळात दोनच मिलिमीटर दिसत असेल, तर १.६ काढूच नका. अशा वेळी मानेचा कोन बदलावा लागतो, आणि ते घरी करण्याचे काम नाही.

प्रश्न: माझी इलेक्ट्रिक गिटार मोकळ्या तारांवर सुरात असते, पण बाराव्या फ्रेटवर सूर चढा येतो.

उत्तर: तारा जुन्या असतील, तर आधी बदला. त्यानंतरही बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला, तर त्या तारेचे सॅडल मागे, म्हणजे नटपासून दूर सरकवा. उतरा आला, तर पुढे घ्या. प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात आणूनच तपासा. एवढे करूनही एखाद्या मेजर कॉर्डमधला गांधार किंचित तीक्ष्ण वाटेलच. समविभागी, म्हणजे बारा समान भाग केलेल्या स्वरसप्तकात तो शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अशा एका भागाचे शंभर सेंट) चढा असतो, आणि त्यावर कोणत्याही स्क्रूचा इलाज नाही.

प्रश्न: गिटार पडून खुंट्यांच्या मागे मानेला चीर गेली आहे. सुपरग्लूने चिकटवू का?

उत्तर: कृपया नको. पातळ सुपरग्लू लाकडाच्या रंध्रांत मुरतो, आणि नंतर योग्य गोंद तिथे धरत नाही. तारा ताबडतोब सैल करा, चीर किती खोल आहे हे पाहण्यासाठी मान वाकवू नका आणि ढलपी निघाली असेल, तर ती कागदात जपून ठेवा. ताजी, स्वच्छ चीर लाकडाच्या चांगल्या गोंदाने भरून चोवीस तास क्लॅम्पमध्ये धरली, तर सांधा वर्षानुवर्षे टिकतो. आधी कोणी चिकटवलेली चीर मात्र खरवडून काढण्यातच अर्धा दिवस जातो.

प्रश्न: सूर लावताना तिसरी तार ‘टक्’ आवाज करून एकदम पुढे उडी मारते.

उत्तर: ती नटच्या खाचेत अडकते आहे. तार बाजूला घेऊन खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासा. तरीही अडकली, तर खाच तारेपेक्षा अरुंद आहे. त्या जाडीच्या नट फाइलचे (खाच घासायच्या बारीक कानशीचे) दोन हलके हात पुरतात.