‘मृत्युपूर्व जखम’ आणि ‘मृत्यूपूर्वी छळ’

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात निकालपत्रांची भाषांतरे करणाऱ्या कोल्हापूरच्या एका भगिनींनी विचारले आहे की, हुंडाबळीच्या खटल्यात ‘मृत्युपूर्व जखमा’, ‘मृत्युपूर्व जबाब’ आणि ‘मृत्यूपूर्वी झालेला छळ’ हे तिन्ही प्रयोग येतात. त्यांतला ‘पूर्व’ एकच मानायचा का, आणि उकार कुठे ऱ्हस्व लिहायचा?

लेखनाचा प्रश्न सोपा आहे. ‘मृत्यू’ सुटा लिहिताना दीर्घ, पण समासाचे पूर्वपद झाला की मूळचा ऱ्हस्व उकार परत येतो, म्हणून ‘मृत्युपूर्व’. ‘पूर्वी’ हे शब्दयोगी अव्यय लागते तेव्हा दीर्घत्व टिकते, म्हणून ‘मृत्यूपूर्वी’. ‘परिस्थितिजन्य पुरावा’ही पहिल्याच नियमाने ऱ्हस्व, वर्तमानपत्रे ‘परिस्थितीजन्य’ छापोत बापडी.

अर्थ मात्र तिन्ही ठिकाणी वेगळे आहेत. शवविच्छेदन अहवालातील ‘मृत्युपूर्व’ हा ‘मरणोत्तर’चा विरुद्धार्थी शब्द असून जखम झाली तेव्हा देहात प्राण होता, एवढेच तो सांगतो. जळालेल्या स्त्रीच्या श्वासनलिकेत काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड आढळला, तर आग भडकली तेव्हा ती श्वास घेत होती असे डॉक्टर म्हणू शकतात. काडी कोणी ओढली, हे काजळी सांगत नाही.

‘मृत्युपूर्व जबाब’ लिहून घेताना तो नुसता जबाबच असतो. हात भाजलेले असल्याने कधी पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतलेला तो कागद तिच्या मरणानंतरच ‘मृत्युपूर्व’ ठरतो; ती वाचली, तर तिने स्वतः साक्षीला यायचे असते.

खरी अडचण तिसऱ्या ‘पूर्व’ची आहे. भारतीय दंड संहितेत १९८६ मध्ये आलेले हुंडाबळीचे कलम ३०४-ब, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८०, लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून, शारीरिक इजेने किंवा अस्वाभाविक परिस्थितीत आलेल्या मृत्यूला लागू होते. पण त्या मृत्यूच्या नजीकच्या काळात (मूळ इंग्रजीत ‘soon before her death’) हुंड्यासाठी छळ झाल्याचे दाखवावे लागते, आणि ते दाखवल्यावरच न्यायालय हुंडाबळी आरोपीनेच घडवला असे अनुमान धरते. हा नजीकचा काळ दिवसांत मोजायचा नसून छळ आणि मृत्यू यांत जिवंत, निकटचा संबंध हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये पंजाबच्या एका खटल्यात म्हटले. २०२१ च्या हरियाणाच्या खटल्यातही याचा अर्थ ‘लगेच आधी’ असा नाही, हे स्पष्ट केले.

समजा, नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकीने सासरचे मोटारसायकलसाठी पैसे मागत असल्याचे आईला सांगितले, गौरीला आली तेव्हा दंडावरचे वळ दाखवले आणि दसऱ्याच्या आधी ती जळून गेली. भाषांतरात ‘मृत्यूच्या लगेच आधी’ लिहिले, तर पंचमी आणि गौरी दोन्ही बाहेर पडतात. नुसते ‘मृत्यूपूर्वी’ लिहिले, तर लग्नाच्या मांडवातला, पुढे मिटलेला रुसवाही आत येतो आणि आरोपीवर अन्याय होतो. म्हणून मी ‘मृत्यूच्या नजीकच्या काळात’ असेच लिहीन, आणि ‘मृत्युपूर्व’ हे विशेषण जखमेसाठी व जबाबासाठीच ठेवीन. ‘मृत्युपूर्व छळ’ लिहिले, की वाचणाऱ्याला तो शब्द शवविच्छेदनाच्या टेबलावरून आला असे वाटते.