वैज्ञानिक लेखनाचा पाया पक्का करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की काही महिन्यांच्या प्रयोगांची निरीक्षणे हाती आहेत, पहिला शोधनिबंध लिहायचा आहे, शाळेपासून निबंधलेखनात चांगले गुण मिळत आले असूनही पहिले पान मनासारखे उतरत नाही, तर वैज्ञानिक लेखन कोणत्या क्रमाने शिकावे. मी रसायनशास्त्रात संशोधन करते आणि गेली काही वर्षे इतरांचे मसुदे तपासण्याचे कामही माझ्याकडे येते. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

निबंधलेखनात मिळालेले गुण हेच आपल्या अडचणीचे एक कारण असावे, असे मला वाटते. शाळेतल्या निबंधात वाचकाचे मन वळवायचे असते, आणि त्यासाठी एकच विचार तीन वेगवेगळ्या शब्दांत मांडला तरी तो गुणच ठरतो. शोधनिबंधाचा वाचक मात्र आपले म्हणणे तपासायला बसलेला असतो, आणि तपासता यावे यासाठी त्याला प्रत्येक वाक्याविषयी एक गोष्ट स्पष्ट कळावी लागते: हे लेखकाने केले आहे, लेखकाला दिसले आहे, की लेखकाला वाटते आहे. माझ्याकडे येणाऱ्या पहिल्यावहिल्या मसुद्यांतील बहुतेक दोष या तीन प्रकारच्या वाक्यांची सरमिसळ झाल्यामुळे निर्माण झालेले असतात. ‘तापमान वाढवल्यावर अभिक्रियेचा वेग वाढल्याने उत्प्रेरक अधिक कार्यक्षम झाला’ या एका वाक्यात कृती आहे, निरीक्षण आहे आणि न तपासलेला अर्थही आहे; वाचकाने त्यातले नेमके काय मान्य करायचे हे त्याला कळत नाही. तापमान वाढले की बहुतेक अभिक्रियांचा वेग उत्प्रेरकाशिवायही वाढतो, त्यामुळे तिसरा भाग स्वतंत्र पुराव्यावाचून टिकणारच नाही, पण पहिल्या दोन भागांच्या आडोशाने तो सहज खपून जातो.

माझ्या स्वतःच्या पहिल्या शोधनिबंधात ‘नमुने कक्ष तापमानाला रात्रभर ठेवले’ असे एक वाक्य होते. आमच्या क्षेत्रातील अनेक शोधनिबंधांत मी तसेच वाचलेले असल्याने त्यात काही उणे आहे अशी शंकाही मला आली नव्हती. समीक्षकाने विचारले की रात्रभर म्हणजे किती तास, आणि खोलीचे तापमान कुणी मोजले होते का. खरे सांगायचे तर मला राग आला, कारण इतक्या मोठ्या कामात या माणसाला एवढेच दिसावे याचे वाईट वाटले. नंतर उत्तर द्यायचे म्हणून प्रयोगवही उघडली, तेव्हा काही नमुने ९ तास तर काही १५ तास ठेवले गेल्याचे आढळले, आणि आलेखातील ज्या विखुरलेल्या बिंदूंना मी ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून मोकळी झाले होते ते जवळजवळ सगळे १५ तासांचे नमुने निघाले. एक शब्द सैल वापरल्यामुळे माझी चूक वाचकापासून तर लपलीच होती, पण त्याआधी ती माझ्यापासूनच लपली होती.

हा तपशिलाचा आग्रह आजचा नाही. रॉबर्ट बॉइलने १६६० साली निर्वात पंपावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा जे प्रयोग फसले त्यांचीही हकीकत त्याने दिली, कारण प्रयोगाच्या वेळी खोलीत हजर नसलेल्या माणसाला ते प्रयोग डोळ्यांपुढे उभे करता यावेत अशी त्याची धडपड होती. लंडनच्या ज्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा तो सदस्य होता तिच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थच ‘कुणाच्या नुसत्या शब्दावर विसंबू नका’ असा आहे, आणि तिचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये सुरू केलेले नियतकालिक आजही निघते. त्या काळचे लेखन बरेचसे पत्रांसारखे, घडले त्या क्रमाने सांगितलेले असे. प्रस्तावना, पद्धती, निकाल आणि चर्चा हा आज सर्वत्र दिसणारा साचा विसाव्या शतकात हळूहळू रुळला आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ सक्तीचा झाला. नवशिक्यांना तो कृत्रिम वाटतो, आणि तसा तो आहेही, कारण कुणाचेही संशोधन त्या क्रमाने घडत नाही. पण वर सांगितलेले तीन प्रकार त्यात वेगवेगळ्या खणांत ठेवलेले असतात: केले ते पद्धतीत, दिसले ते निकालात, वाटते ते चर्चेत. इतके लक्षात ठेवले तर कोणते वाक्य कुठे जावे याविषयीच्या बहुतेक शंका आपोआप सुटतात.

वाचण्याचा हा क्रम असला तरी लिहिताना तो पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले पहिले पान उतरत नाही याचे कारण बहुधा आपण पहिल्या पानापासून सुरुवात करत आहात. आधी आलेख आणि तक्ते तयार करावेत, ते टेबलावर मांडून त्यांचा क्रम ठरवावा, आणि प्रत्येकाखाली तो काय दाखवतो हे एका पूर्ण वाक्यात लिहावे. ज्या आलेखाखाली असे वाक्य लिहिता येत नाही त्याची गरज नसते, किंवा आपल्याला तो अजून समजलेला नसतो. त्यानंतर पद्धती लिहावी, कारण तिच्यात शब्दांसाठी अडावे लागत नाही आणि प्रयोगवही समोर असते. मग निकाल, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर लिहावी, कारण आपण नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे हे चर्चा लिहून झाल्यावरच निश्चित होते, आणि हे उत्तर ठरवून घेतलेल्या प्रश्नाचे नसून वाटेत भेटलेल्या दुसऱ्याच प्रश्नाचे असते, असा अनुभव अनेकदा येतो. गोषवारा आणि शीर्षक सर्वांत शेवटी लिहावे, पण सर्वांत जास्त वेळा तपासावे. बहुसंख्य वाचक तेवढेच वाचतात.

आता वाक्याकडे वळते, कारण खरी मेहनत तिथे आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि दाव्याचे वजन त्या क्रियापदावरच तोललेले असते. ‘सिद्ध झाले’, ‘दिसून आले’, ‘सूचित होते’ आणि ‘शक्यता नाकारता येत नाही’ या चार शेवटांमध्ये पुराव्याच्या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि नवा लेखक त्या निव्वळ पुनरुक्ती टाळण्यासाठी आलटून पालटून वापरतो. डीएनएच्या रचनेविषयीचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध २५ एप्रिल १९५३ रोजी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तो जेमतेम सव्वा पानाचा आहे आणि त्याच्या शेवटाकडे, या रचनेतील जोड्यांवरून अनुवांशिक द्रव्याची प्रत कशी तयार होत असावी याची एक शक्य यंत्रणा सुचते, एवढेच ते नोंदवतात. रचनेचा पुरावा त्यांच्यापाशी होता, प्रत तयार होण्याचा नव्हता, म्हणून वाक्य ‘सुचते’वर थांबले, त्या कल्पनेचा विस्तार त्यांनी पुढच्याच महिन्यात वेगळ्या निबंधात केला. उलट, भीतीपोटी प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘काही अंशी’ अशी तीन-तीन कुंपणे घालणे हाही तितकाच मोठा दोष आहे, कारण मग कोणती शंका खरी आणि कोणती नुसती सवयीची हे वाचकाला ओळखता येत नाही.

संख्यांनाही हेच लागू आहे. ज्या तराजूत एक दशांश ग्रॅमपर्यंतच वजन कळते त्यावरून काढलेली सरासरी १२.३४५६७ ग्रॅम अशी लिहिणे म्हणजे उपकरणाला जे ठाऊक नाही ते त्याच्या तोंडी घालणे होय. ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलेले प्रमाण ‘१० टक्क्यांनी वाढले’ असे लिहू नये. ते १० टक्के-अंकांनी, किंवा मूळ प्रमाणाच्या २५ टक्क्यांनी वाढले. सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय म्हणजे महत्त्वाचे असा अर्थ होत नाही, आणि पी-मूल्य (खरा परिणाम मुळात नसतानाही दिसला तितका किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) म्हणजे आपले गृहीतक खरे असण्याची संभाव्यता नव्हे. अमेरिकन सांख्यिकी संघटनेला २०१६ साली यावर स्वतंत्र निवेदन काढावे लागले, यावरून हा गैरसमज किती मुरलेला आहे ते कळावे. एककांच्या बाबतीत तर चुकीची किंमत मोजून झालेली आहे. मंगळाच्या दिशेने गेलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी गमावले गेले, कारण जमिनीवरील एक संगणकप्रणाली आवेगाचे (यानाला मिळालेल्या धक्क्याचे) आकडे पाउंड-बल-सेकंदांत देत होती आणि पुढची प्रणाली ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून चालली होती.

‘आम्ही मोजले’ की ‘मोजण्यात आले’, हा वाद आपल्याला लवकरच ऐकू येईल. ज्या नियतकालिकाला निबंध पाठवायचा आहे त्याचा प्रघात पाहावा आणि पुढे जावे, त्यात फार जीव गुंतवू नये. संदर्भांच्या शैलीचेही तसेच. काही ठिकाणी क्रमांक देतात, काही ठिकाणी लेखकाचे नाव आणि वर्ष देतात, आणि झोटेरोसारखे मोफत साधन ते काम करून देते. संदर्भ कसा लिहावा हे यंत्रावर सोपवता येते, पण तो द्यावा की नाही हे सोपवता येत नाही, आणि इथे थोडे थांबून एक उदाहरण सांगावेसे वाटते.

जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने पाच वाक्यांचे एक पत्र छापले. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदींत, पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांतच व्यसन जडल्याचे नोंदलेले आढळले, एवढाच त्याचा मजकूर होता. पत्र खोटे नव्हते आणि लेखकांनी वावगा दावाही केलेला नव्हता. पण पुढे त्याचा संदर्भ घेताना ‘रुग्णालयात दाखल’ हे दोन शब्द गळून पडले, आणि घरी दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्यांनाही व्यसन क्वचितच लागते, असा त्याचा अर्थ पसरला. २०१७ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या पत्राचे ६०८ संदर्भ तपासले गेले, ७२.२ टक्के ठिकाणी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलेले होते आणि ८०.८ टक्के ठिकाणी रुग्ण रुग्णालयातील होते याचा उल्लेखच नव्हता. या लेखकांपैकी कितीजणांनी मूळ पाच वाक्ये वाचली असतील याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. म्हणून माझा एक नियम आहे: जे मी स्वतः उघडून वाचलेले नाही त्याचा संदर्भ द्यायचा नाही, आणि दिलेल्या प्रत्येक संदर्भासाठी मूळ निबंधातील कोणत्या वाक्यावर किंवा तक्त्यावर मी विसंबले आहे ते स्वतःच्या टिपणात लिहून ठेवायचे. संभाषण करणारी संगणकीय साधने अस्तित्वातच नसलेले संदर्भ सफाईने रचून देतात, त्यामुळे आता तर या नियमाची गरज वाढली आहे. दुसऱ्याच्या वाक्यातले शब्द बदलून, त्याची रचना तशीच ठेवून ते आपले म्हणून लिहिणे हे संदर्भ दिला तरी वाङ्मयचौर्यच ठरू शकते. मूळ मजकूर मिटून ठेवावा, काही वेळाने आठवेल तसे लिहावे आणि मग आशय ताडून पाहावा.

सरावासाठी मी आपल्याला एकच गोष्ट सुचवीन. आपल्या विषयातले, आपल्याला वाचताना सहज समजलेले तीन शोधनिबंध निवडावेत. त्यांतील प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, तो परिच्छेद काय सांगतो हे न लिहिता तो तिथे कोणते काम करतो ते लिहावे: ‘आधी काय माहीत होते ते सांगतो’, ‘उणीव दाखवतो’, ‘एका पर्यायी स्पष्टीकरणाला उत्तर देतो’. निवडताना प्रसिद्ध निबंध नव्हे तर समजलेले निबंध निवडावेत, कारण महत्त्वाचे संशोधन चांगल्या भाषेत लिहिलेले असतेच असे नाही. इग्नात्स सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची पद्धत सुरू करून बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी केले, पण त्यावरील त्यांचा ग्रंथ १८६१ साली आला, आणि तोही लांबलेला व विरोधकांवरील रागाने भरलेला. त्यांच्या उपेक्षेला इतरही कारणे होती, तरीही १४ वर्षांच्या त्या विलंबाचे मला नेहमी वाईट वाटते.

मसुदा तयार झाला की तो आपल्या शाखेबाहेरच्या एखाद्या अभ्यासकाला द्यावा आणि ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘छान’ असेच येते. पद्धतीचा भाग वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून प्रयोग कसा करायचा ते सांगायला लावावे, आणि जिथे तो अडखळेल किंवा चुकेल तिथे तोंडी खुलासा न करता फक्त खूण करावी. मी माझ्या त्या पहिल्या निबंधाचे पुनर्लेखन असेच केले. पद्धतीचा भाग दीड पानांवरून साडेतीन पानांवर गेला आणि चर्चा निम्म्यावर आली.